चौथ्या शुभवर्तमानाचा लेखक: दोन शतकांचा वाद

१८२० साली कार्ल ब्रेटश्नायडर या जर्मन धर्मशास्त्र्याने लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहून चौथे शुभवर्तमान येशूचा प्रेषित, जब्दीचा मुलगा योहान याचे असण्याबद्दल शंका घेतली. गदारोळ एवढा झाला की पुढे त्यानेच माघार घेतली. प्रश्नाने मात्र घेतली नाही. त्याआधी तुरळक कुरकुर सोडली तर योहानाच्या नावाला चर्चमध्ये फारसे कोणी आव्हान दिले नव्हते. त्या एकमताचा मुख्य आधार म्हणजे इ.स. १८०च्या सुमारास लिहिणारा लियोंचा बिशप इरेनियस. भोजनाच्या वेळी येशूच्या उराशी टेकलेल्या योहान नावाच्या शिष्याने इफिसमध्ये हे शुभवर्तमान लिहिले, असे तो सांगतो. १८४०च्या दशकात ट्यूबिंगेनच्या फर्डिनांड बाऊरने तेच पुस्तक पार इ.स. १७०पर्यंत खाली ओढले. तेव्हापासून या वादाला एक खोड जडली. पुस्तक जुने ठरले की ते प्रेषिताचे मानायचे, आणि प्रेषिताचे नाही म्हटले की उशिरा रचलेले ठरवायचे. खरे तर ते केव्हा लिहिले, लिहिणाऱ्याला यरुशलेम ठाऊक होते का आणि तो जब्दीचा मुलगा होता का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंत पुरावा परंपरेकडे झुकतो, तिसऱ्यात झुकत नाही.

बाऊरच्या काळगणनेला सर्वांत मोठा धक्का दिला तो तळहाताहून लहान अशा पपायरसच्या एका तुकड्याने. १९२०मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतलेला हा तुकडा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पडून होता. १९३५मध्ये सी. एच. रॉबर्ट्स यांनी तो प्रसिद्ध केला. त्याच्या एका बाजूस आणि पाठीमागे पिलातापुढच्या चौकशीतल्या ओळी आहेत, आणि अक्षरांच्या वळणावरून रॉबर्ट्स यांनी तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. नुसत्या अक्षरवळणावरून इतका नेमका काळ सांगता येत नाही, असा इशारा ब्रेंट नाँगब्री यांनी २००५मध्ये दिला, तो रास्तच आहे. तरीही १७० या सालाकडे परत जायला त्याने आधार मिळत नाही. यरुशलेमच्या मातीनेही साक्ष दिली. बेथेस्दाच्या तळ्याभोवती पाच ओसऱ्या होत्या, हे पाचव्या अध्यायातले वर्णन मोशेच्या पाच ग्रंथांचे रूपक आहे असे काही अभ्यासक मानत. संत अॅनच्या चर्चजवळच्या उत्खननांत दोन कुंडे आणि त्यांच्यामध्ये बांध अशी रचना निघाली. चार बाजूंच्या चार ओसऱ्या आणि बांधावरची पाचवी, असा हिशेब तिथे बसतो. पुढे १९४७पासून मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्यांत प्रकाश आणि अंधार यांचे तेच द्वंद्व दिसले, जे तोवर ग्रीक तत्त्वज्ञानाची उसनवारी म्हणून दाखवले जाई. एकंदरीत, या पुस्तकामागे यरुशलेम आणि तिथली यहुदी विचारसृष्टी जवळून जाणणारे कोणीतरी आहे.

पण ते कोणीतरी जब्दीचा योहान, म्हणजे गालीलचा कोळी होता, हे यातून सिद्ध होत नाही. उलट पुस्तकाचा कल यहूदीयाकडे आहे, गालील त्यात कमी येते. मार्कच्या सांगण्यानुसार डोंगरावरच्या रूपांतराला आणि याईराच्या मुलीपाशी जब्दीचा योहान हजर होता. नेमके हे प्रसंग इथे नाहीत. प्रमुख याजकाच्या ओळखीमुळे वाड्यात शिरणारा अठराव्या अध्यायातला ‘दुसरा शिष्य’ हाच येशूच्या उराशी टेकलेला त्याचा लाडका शिष्य असेल, तर तो गालीलच्या मासेमाराहून यरुशलेमच्या माणसालाच अधिक शोभतो. शिवाय एकविसाव्या अध्यायात तिबिर्याच्या तळ्याकाठी जब्दीच्या मुलांचा उल्लेख झाल्यावर आणखी दोघे शिष्य बिननावाचे राहतात. त्यामुळे लाडका शिष्य त्या दोघांपैकी एक असायला मजकूरच जागा ठेवतो.

यावर पहिला आक्षेप इरेनियसचाच. लहानपणी त्याने पॉलिकार्पला पाहिले होते आणि पॉलिकार्प योहानाला ओळखत होता. मग साखळी तुटते कुठे? ती योहान या नावापाशीच सैल आहे. हिरापोलिसचा पापियास, युसेबियसने जपून ठेवलेल्या उताऱ्यात, योहानाचे नाव दोनदा घेतो: एकदा पेत्र, याकोब यांच्या रांगेत आणि पुन्हा ‘वडील योहान’ म्हणून. एकाच प्रदेशात एकाच नावाचे दोघे असतील तर बालपणीच्या आठवणीत त्यांची सरमिसळ होणे अवघड नाही. दुसरा आक्षेप असा की अखेरच्या भोजनाला फक्त बारा जण होते, म्हणून उराशी टेकलेला शिष्य बारांतलाच. बारांचा उल्लेख मार्क करतो. योहानाचा तेरावा अध्याय उपस्थितांची यादी देत नाही, आणि एका पुस्तकाची पंगत दुसऱ्यात मांडणे ही पुराव्याची पद्धत नव्हे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: एकविसाव्या अध्यायाच्या शेवटी, हे त्या शिष्यानेच लिहिले असे म्हटले आहे. म्हटले आहे खरे, पण त्याच वाक्यात त्याची साक्ष खरी असल्याची ग्वाही देणारे ‘आम्ही’ त्याच्याहून वेगळे आहेत. त्यातून विसाव्या अध्यायाचा शेवट संपूर्ण पुस्तकाच्या समारोपासारखा वाचला जातो. साक्ष एकाची आणि अखेरचा हात इतरांचा, असेच यातून दिसते.

रेमंड ब्राउन यांनी १९६६च्या भाष्यात लाडका शिष्य म्हणजे जब्दीचा योहान असे मानले होते. १९७९च्या पुस्तकात त्यांनी ते मत सोडले. हेंगेल यांनी १९८९मध्ये आणि बॉकम यांनी २००६मध्ये लेखक म्हणून ‘वडील योहाना’ची बाजू मांडली. तीही अनुमानावरच उभी आहे, पण पापियासच्या उताऱ्याशी जुळते. हा लाडका शिष्य म्हणजे निव्वळ साहित्यिक रचना आहे, असा संशयही अलीकडे मांडला जातो. त्याला एकविसाव्या अध्यायातच अडथळा आहे: हा शिष्य मरणार नाही अशी अफवा बंधुवर्गात पसरली होती, आणि येशूने तसे म्हटलेच नव्हते असा खुलासा करण्याची वेळ लिहिणाऱ्यांवर आली. कल्पनेतल्या माणसाच्या मरणाने कोणाची श्रद्धा डळमळत नाही, आणि तिला सावरायला खुलासाही लागत नाही.