काळी माती पिशवीत भरताना

चितेगाव पैठण तालुक्यात, संभाजीनगर–पैठण रस्त्यावर आहे. गावाची ओळख आता कारखान्यांमुळे असली, तरी भोवतालचे शिवार कपाशीचे, तुरीचे आणि मोसंबीचे. बेसाल्टच्या झिजेतून बनलेली इथली काळी माती ओल धरते, आणि कोरडवाहू कपाशी त्याच ओलीवर तग धरते. हीच माती पिशवीत किंवा कुंडीत भरली की रोप खुरटते, पिवळे पडते; आणि गेली पन्नास-साठ वर्षे अशा रोपाला पहिला उपाय म्हणून मूठभर खतच दिले गेले आहे. या काळात रोपे वाढवण्याची पद्धत कशी बदलत गेली ते पाहताना माझे मत पक्के होत गेले, की पिशवीतल्या रोपाचे दुखणे बहुतेकदा उपासमारीचे नसते, गुदमरण्याचे असते. मिश्रण चुकले असेल तर खताने ते दुरुस्त होत नाही, उलट बिघडते.

शेतात दिलेले पाणी खाली झिरपते, कारण खालची माती ते ओढून घेते. पिशवीच्या तळाखाली ओढणारे काही नसते. त्यामुळे जास्तीचे पाणी गळून गेल्यावरही तळाशी एक चिंब थर उरतो. त्याची जाडी ठरते मातीच्या बारीकपणावर. पिशवीच्या उंचीवर ती फारशी अवलंबून नसते. माती जितकी बारीक तितका हा थर जाड, आणि भांडे जितके उथळ तितका मुळांच्या वाट्याला चिखल अधिक. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि हवेच्या उरल्यासुरल्या पोकळ्या बुजवते. वाळली की आकसते, पिशवीच्या कडेपासून सुटते आणि पुढचे पाणी त्या फटीतून थेट तळाला जाते. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा होतो, असे घरोघरी मानले जाते. छिद्र बुजू नये म्हणून एखादी खापरी ठेवणे ठीक; पण खडीचा जाड थर घातला तर चिंब पट्टा तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. बदलायचे असते ते संपूर्ण मिश्रण.

जगाने हे टप्प्याटप्प्याने शिकले. इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत 1930 च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी प्रत्येक झाडाला वेगळी माती ही जुनी समजूत बाजूला ठेवून, निर्जंतुक केलेली पोयटा माती, पीट आणि वाळू यांचे ठरावीक प्रमाण बसवले. 1957 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने पीट आणि बारीक वाळूवर भर दिला, कारण एकसारखी माती दरवेळी मिळत नव्हती. आपल्याकडे हा बदल आला तो बियाण्याच्या वाटेने. 1964 मध्ये जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, संकरित बियाणे वाढत गेले आणि दाणा महाग झाला. गादीवाफ्यावर मूठभर बी फेकून त्यातले निम्मे कोलमडले तरी चालेल, हा हिशेब आता परवडेना. प्रत्येक दाण्याला स्वतंत्र कप्पा देणारा प्रो-ट्रे आला. पण 98 कप्प्यांच्या ट्रेमधल्या चार-पाच सेंटिमीटर खोलीत काळी माती म्हणजे निव्वळ चिखल. म्हणून काथ्याच्या उद्योगात उरणारा नारळाचा भुसा, कोकोपीट, दक्षिणेतून आला. त्यात पाणीही भरपूर राहते आणि हवाही, आणि त्याच्या यशाचे कारण हेच आहे. अन्न म्हणून पाहिले तर तो जवळपास रिकामा.

इथे विचारता येईल, की कोकोपीटमध्ये विद्राव्य खत दिल्यावरच रोपे तरारतात, मग श्रेय खताचेच नाही का? खत तिथे लागते हे खरे, पण ते उपयोगी पडते हवा खेळती असल्यामुळेच. मुळांना प्राणवायू नसेल तर पाण्यात विरघळलेले अन्नही ती नीट उचलू शकत नाहीत. शिवाय पहिले काही दिवस रोप बियातल्या साठ्यावर जगते; खरी पाने फुटल्यावर 19:19:19 लिटरला 1 ते 2 ग्रॅम, एवढे पुरते. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशचे क्षार असतात. त्यावर खताची मात्रा वाढवली की कोवळी मुळे भाजतात. पिवळेपणाही वाचता यायला हवा. जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता; कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची. आपल्या चुनखडीयुक्त, साडेसात-आठच्या वर सामू असलेल्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि तिथे टाकलेला युरिया वाया जातो.

मोसंबीच्या रोपवाटिकेत ही चूक सर्वांत महाग पडते. रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले रोप पिशवीत बराच काळ काढते. चिंब, भारी मातीत फायटोफ्थोरा बुरशी वाढते, आणि मूळकूज, डिंक्या रोपाबरोबर थेट बागेत जातात. पिशवी दिसते हिरवीगार, कारण खत भरपूर दिलेले असते. रोग मुळाशी असतो आणि तो दिसायला काही वर्षे जातात. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा ज्यांनी वाळताना पाहिल्या, त्यांनी नवी लागवड करताना तरी पानांचा रंग पाहून रोप घेऊ नये. पिशवी फाडून पांढरी मुळे पाहावीत. मिश्रण उन्हात प्लास्टिकखाली तापवून निर्जंतुक करणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला लागणारी उष्णता फुकट मिळते.

कोकोपीटविरुद्धचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. कोकोपीटमध्ये वाढलेले रोप काळ्या रानात लावले की भोवतालची चिकण माती त्या हलक्या गड्ड्यातले पाणी शोषून घेते. वरंबा ओला असतानाही रोप सुकते. पहिला आठवडाभर पाणी रोपाच्या बुंध्याशीच द्यावे लागते, आणि मिश्रणात थोडी रानातली माती किंवा पूर्ण कुजलेले शेणखत घातले तर हा धक्का कमी होतो. दुसरा आक्षेप खर्चाचा आणि परावलंबनाचा. त्याचे उत्तर इथल्याच शिवारात पडून आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या दरवर्षी बांधावर जाळल्या जातात. साखर कारखान्यांची मळी उपलब्ध आहे. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून, मळी किंवा शेण मिसळून पूर्ण कुजवले तर पोकळ, भरड कंपोस्ट होते. अर्धवट कुजलेले मात्र घातक, कारण कुजवणारे जिवाणू रोपाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात. अशा कंपोस्टचे आणि कोकोपीटचे वेगवेगळे प्रमाण ट्रेच्या वेगवेगळ्या ओळींत भरून, खत आणि पाणी सगळ्यांना सारखेच ठेवून तुलना करणे कोणत्याही रोपवाटिकेला एका हंगामात जमण्यासारखे आहे.