नंतर आलेल्या मेथडला किल्ली नाही

मे १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहून काढला. 'सेल्फ' या भाषेकडून घेतलेल्या प्रोटोटाइपमुळे तिला मोठी मोकळीक मिळाली: ऑब्जेक्ट तयार झाल्यावरही त्याला नवी मेथड जोडता येई. आतली माहिती झाकायची सोय मात्र दिलेली नव्हती. मग लोक नावाआधी अंडरस्कोर लावू लागले. दाराला कुलूप नाही, 'आत येऊ नये' एवढी पाटी.

कुलूप भाषेतच दडलेले आहे, हे २००१ मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांनी दाखवले. बँक खात्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये 'शिल्लक' हे साधे व्हेरिएबल ठेवायचे. तिथेच लिहिलेल्या 'पैसे काढा' या मेथडला ते क्लोजरमुळे दिसते, बाकी कोणाला नाही. गोची अशी, की पुढे प्रोटोटाइपवर 'व्याज जमा करा' जोडली तर तीही परकीच. शिवाय आतली मेथड दर खात्यासाठी नव्याने तयार होते. हजार खाती, हजार मेथड्स.

मोकळीकही महागात पडली. मूटूल्स या लायब्ररीने भाषेच्या अंगभूत ॲरेलाच स्वतःची 'फ्लॅटन' मेथड जोडली होती. २०१८ मध्ये त्याच नावाची मेथड प्रमाणित भाषेत आणायला घेतली, तर जुनी संकेतस्थळे बिघडू लागली. अखेर २०१९ च्या आवृत्तीत ती 'फ्लॅट' या नावाने आली.

दरम्यान २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्टने 'प्रायव्हेट' हा शब्द दिला. पण त्याचा धाक कंपाइल होईपर्यंतच. २०१५ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये क्लास आला, तोही झाकणाविना. पक्के कुलूप बसले २०२२ च्या आवृत्तीत: नावाआधी # हे चिन्ह. क्लासबाहेरच्या फंक्शनमध्ये 'धिस.#शिल्लक' लिहिले, की प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधीच सिन्टॅक्स एरर. ते फंक्शन पुढे प्रोटोटाइपवर चढवणार असलात तरी सुटका नाही.

क्लोजर असो वा #, मेथड कोणाला जोडली याची चौकशी दोघेही करत नाहीत. ती कुठे बसून लिहिली, एवढेच बघतात. म्हणून नंतर येणाऱ्या मेथडला शिल्लक लागणार असेल, तर ती सांगणारी एक मेथड क्लासमध्ये आधीच लिहून ठेवा.