ढोलकीवर आलेला धम्म

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी गावच्या विहारात आधी वंदना होते. त्रिशरण, पंचशील, सगळं पालीत, हात जोडून, वाद्याविना. शेवटचा ‘साधु, साधु, साधु’ झाला की कोपऱ्यातली पेटी पुढे सरकते, ढोलकीवाला शाईवर बोटं मारून पाहतो, माइकवर ‘हॅलो, हॅलो’ होतं आणि गायनपार्टी बसते ती मध्यरात्रीपर्यंत. पालीतल्या शब्दांचा अर्थ ज्यांना कोणी सांगितला नाही, त्यांना तो या दुसऱ्या भागात कळत आला आहे. धम्मक्रांतीचा इतिहास लिहिताना आपण भाषणं, ग्रंथ, ठराव नोंदवतो. ढोलकी बहुधा राहून जाते.

बौद्ध परंपरेचं गाण्याशी नातं तसं सरळ नाही. उपोसथाच्या दिवशी उपासक आठ शीलं घेतात, त्यांतलं सातवं नाच-गाण्यापासून दूर राहण्याचं. अंगुत्तर निकायातल्या गीतस्सर सुत्तात लांब आळवलेल्या सुरात धम्म म्हणण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्याच गळ्यावर भाळतो, ऐकणारेही भाळतात, गृहस्थ नावं ठेवतात, समाधी मोडते आणि पुढची पिढी तोच कित्ता गिरवते. आजच्या एखाद्या गायकाला पहिला तोटा वाचून दाखवावासा वाटतो, ते सोडा. पण दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व बेलाच्या लाकडाची वीणा छेडत बुद्धापुढे गातो. गाणं प्रेयसीसाठी रचलेलं. त्यात बुद्ध, धम्म, अर्हत आणि तिची विनवणी अशी सगळी सरमिसळ. बुद्ध रागावत नाहीत. तारेचा स्वर गळ्याशी आणि गळा तारेशी जुळला, कोणी कोणावर चढलं नाही, अशी दाद देतात. मला वाटतं, आक्षेप गाण्याला नव्हताच, गाण्यात हरवून जाण्याला होता.

महाराष्ट्रात धम्म आणि गाणं यांच्या नात्याचा हा प्रश्न वेगळ्याच वाटेनं सुटला. सत्यशोधक जलशांच्या पाठोपाठ आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी साचा तमाशाचाच ठेवला, पण वगातल्या राजाराणीच्या जागी पाणवठा, शाळा, सावकार आणले. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा गाणारे गळे तयारच होते. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांनी देव सोडले, चाली मात्र राहिल्या. रामकृष्णाचा पाळणा बुद्धाचा आणि भीमाचा झाला. जात्यावर सीतेचा वनवास गाणारी बाई त्याच लयीत बुद्ध, भीम, रमाई गाऊ लागली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांमध्ये अशा ओव्या आहेत. माजलगावच्या भीमनगरात तर त्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. या बायकांच्या हाती धर्मग्रंथ नव्हता, जातं होतं.

या परंपरेतलं मोठं नाव वामनदादा कर्डक (१९२२–२००४). सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. मुंबईच्या चाळीत कोणी तरी पत्र वाचायला दिलं, वाचता येईना, ती लाज मनाला लागली आणि मोठेपणी अक्षरं शिकलो, असं ते सांगत. पुढे गावोगाव फिरत शेकडो गाणी लिहिली. वर्ध्याच्या १९९३च्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. त्यांच्या गाण्यांत आणि एकूणच भीमगीतांत एक गोष्ट वारंवार दिसते. बुद्ध थेट येत नाही, बाबासाहेबांच्या हातून येतो. लुंबिनी, बोधगया, सारनाथ यांपेक्षा चवदार तळं आणि दीक्षाभूमी जवळची. प्रतीत्यसमुत्पाद समजावणारी गाणी फार थोडी. ‘कोणामुळे माणसात आलो’ हे सांगणारी उदंड. पाली पंडितांना हे उणं वाटेल. मला ते नवयानाचं, म्हणजे बाबासाहेबांनी दिलेल्या या बौद्ध धम्माचं, खास मराठी रूप वाटतं, कारण इथे करुणेची पहिली ओळख ध्यानातून नव्हे, उपकाराच्या जाणिवेतून झाली.

चळवळीतूनच एक आक्षेप येतो, की ही भक्तीच आहे, फक्त मूर्ती बदलली. त्यात तथ्य आहे. प्रल्हाद शिंदे यांच्याच गळ्यातून विठ्ठलाचीही गाणी घराघरांत पोचली आणि भीमाचीही. पण गायक पोटासाठी गातो, हेही विसरू नये. विठ्ठल उमप जांभूळ आख्यानही रंगवत आणि कव्वालीच्या सवाल-जवाबात प्रतिस्पर्ध्याला निरुत्तरही करत. २०१० साली दीक्षाभूमीच्या मंचावरच ते कोसळले. कव्वाली हा सुफी घाट, पेटी युरोपातून आलेली, ढोलकी तमाशाची. शुद्धतेचा आग्रह धरला असता तर यातलं काहीच उरलं नसतं.

आता फोन आला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात, ती मोबाइलवरून घरोघर पोचली. अभंगवाल्याच्या खांद्यावरची एकतारी एका बाईच्या हाती भीमासाठी वाजते, आणि शब्द न् शब्द ऐकू येतो. दुसरीकडे जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती लागतात. त्यावरून विहार समितीच्या बैठकांत खटके उडतात. म्हातारे उपासक म्हणतात, गाणं कळत नाही, नुसती छाती हादरते. पोरं विचारतात, इतरांच्या मिरवणुकांत चालतं, मग आपलीच बंदी कशाला? पोरांचा प्रश्न बरोबर आहे. पण वामनदादांची ताकद शब्दांत होती, आणि डीजेत आधी शब्दच बुडतात. म्हणून काही ठिकाणी तोडगा निघतो तो असा: मिरवणूक डीजेवर, रात्रीची गायनपार्टी पेटी-ढोलकीवर. वर्गणी मात्र दोन्हींसाठी काढावी लागते.