जुळणी लेप, कार्बन सायकलीचा

जुळणी लेप, कार्बन सायकलीचा : कार्बन तंतू व रेझीन यांच्या संमिश्रापासून बनविलेले सायकलीचे भाग एकमेकांत किंवा धातूच्या भागांत बसविताना, त्यांच्या स्पर्शपृष्ठांमधील घर्षण वाढविण्यासाठी लावण्यात येणारा कणयुक्त लेप. व्यवहारात याला असेंब्ली पेस्ट किंवा कार्बन पेस्ट असे म्हणतात. वंगणाने पृष्ठभाग निसरडे होतात, तर या लेपाचे कार्य नेमके उलट असते. मात्र तो चिकटवण्याचा पदार्थ नसून त्याने केलेला जोड केव्हाही सोडविता येतो.

आवश्यकता : कार्बन तंतूंचे व्यापारी उत्पादन १९७०च्या सुमारास सुरू झाले. १९८६ साली अमेरिकन सायकलपटू ग्रेग लमाँड यांनी तूर द फ्रान्स ही शर्यत कार्बन नळ्यांची चौकट असलेल्या सायकलीवर जिंकली. पुढे चौकटीप्रमाणेच हँडल, सीटचा दांडा इ. भागही या संमिश्राचे होऊ लागले. हे भाग सामान्यतः पट्टीने आवळून धरले जातात व येथेच अडचण उद्‌भवते. पोलादाची नळी अधिक आवळली गेल्यास बहुधा प्रथम चेपते आणि दोष नजरेस येतो. कार्बन संमिश्र तंतूंच्या दिशेने अतिशय बळकट असले, तरी आडव्या दाबापुढे दुर्बल ठरते. अतिरिक्त दाबाने रेझिनाला सूक्ष्म तडे जातात व तंतूंचे थर एकमेकांपासून सुटतात. ही इजा रंगाखाली झाकलेली राहू शकते आणि पुढे एखाद्या धक्क्यासरशी तो भाग एकाएकी मोडतो. उलट जोड सैल राहिल्यास सीट खाली घसरते किंवा जोराने ब्रेक लावताना हँडल फिरते. दोन्ही प्रसंगी स्वाराच्या जिवाला धोका असतो.

घटना व कार्य : जेलसारख्या माध्यमात कठीण प्लॅस्टिकचे किंवा सिलिकेचे बारीक कण मिसळून हा लेप बनवितात. जोड आवळला की हे कण दोन्ही पृष्ठांच्या सूक्ष्म खाचांत रुततात आणि पृष्ठे एकमेकांवरून सरकण्यास अडथळा करतात. घर्षण हे घर्षण गुणांक आणि पृष्ठांवरील लंब दाब यांच्या गुणाकाराइतके असते. लेपाने गुणांक वाढत असल्याने तेवढीच पकड कमी दाबात मिळते. दाबाचे प्रमाण सामान्यतः वाटते त्याहून पुष्कळ मोठे असते. ५ मिमी. व्यासाचा स्क्रू ५ न्यूटन-मीटर पिळवट परिबलाने आवळल्यास त्यात सु. ५,००० न्यूटन, म्हणजे सु. ५०० किग्रॅ. वजनाइतकी ओढ निर्माण होते. हँडल पकडणाऱ्या मानेस पुष्कळदा असे चार स्क्रू असतात.

वापरण्याची रीत : दोन्ही पृष्ठांवरील जुने ग्रीज व धूळ अल्कोहॉलाने पुसून काढतात. पट्टीच्या धारदार कडा व संमिश्रावरील ओरखडे तपासून, केवळ पकडीच्या जागी लेपाचा पातळ थर देतात. सीटचा दांडा त्यावरील किमान खोलीच्या खुणेपर्यंत तरी नळीत जाणे आवश्यक असते. स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे व परिबलमापक पान्याने आवळतात. भागावर छापलेला आकडा बहुधा कमाल मर्यादा दर्शवितो. लेप लावल्यावर त्याहून कमी परिबलापासून आरंभ करून, भाग सरकत नाही एवढेच आवळणे इष्ट असते. आट्यांना वंगण लावण्याबाबत निर्मात्याची सूचना पाळावी लागते, कारण वंगण असल्यास तेवढ्याच परिबलाने अधिक ओढ निर्माण होते.

मर्यादा : लेपातील कण घासक असल्यामुळे तो बॉल बेअरिंगांत किंवा वर-खाली सरकणाऱ्या सीटच्या दांड्यावर वापरीत नाहीत. लेप लावलेला दांडा नळीत फिरविल्यास पृष्ठावर ओरखडे उठतात. व्यासाचा मेळ नसलेले भाग लेपाने सुरक्षित होत नाहीत. २७·२ मिमी. व्यासाच्या दांड्यासाठी असलेल्या नळीत २७·० मिमी.चा दांडा बसविल्यास तो घट्ट धरण्यासाठी नळीच अधिक दाबावी लागते. कार्बन विद्युत् संवाहक असल्याने पाणी व घामातील मीठ यांच्या सान्निध्यात त्याला लागून असलेले ॲल्युमिनियम गंजते व जोड अडकून बसतो. म्हणून असे जोड ठरावीक काळाने सोडवून, पुसून, नवा लेप लावून पुन्हा बसवितात. या वेळी तडे दिसल्यास किंवा टकटक केल्यावर आवाज बोदा आल्यास तो भाग वापरातून काढून तज्ञाकडून तपासून घ्यावा. लेपाने पकड वाढते, पण आधीच दुखावलेल्या भागाचे बल परत येत नाही.