सगळ्यांच्या नावाने शिमगा करणारा काझिक

पोलंडमध्ये सत्तेवर कोणीही असो, काझिक स्ताशेव्स्कीच्या गाण्यापासून त्याची सुटका नाही. 1982 साली वॉर्सात त्याचा ‘कुल्ट’ हा रॉक बँड उभा राहिला तेव्हा काझिक एकोणीस वर्षांचा होता. देशात लष्करी कायदा लागू होता आणि ‘सॉलिडॅरिटी’ संघटनेचे नेते तुरुंगात होते. गाण्याचे शब्द आधी सेन्सॉरच्या टेबलावरून पास होऊन यायचे, मगच त्यांना रंगमंच मिळायचा. तरीही यारोचिनच्या रॉक महोत्सवात तरुणांची झुंबड उडायची. सरकारने ही वाफ मुद्दाम जाऊ दिली, असं म्हणणारेही पोलंडमध्ये आहेत. कुल्टचं वेगळेपण असं की नुसत्या गिटारच्या गोंगाटावर ते विसंबले नाहीत. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन घेऊन त्यांनी रॉकला जवळपास मिरवणुकीचा बाज दिला. 1988 च्या ‘स्पोकोइन्ये’ या अल्बममधलं ‘अराह्या’ ऐकताना दुभंगलेलं बर्लिन डोळ्यांपुढे येतं. पुढच्याच वर्षी ती भिंत पडली.

कम्युनिस्ट गेले, सेन्सॉरही 1990 मध्ये बंद झाला. आता बंडखोरांनी करायचं काय? त्यांच्यातले बरेच जण गप्प झाले. काझिकने मात्र 1991 मध्ये ‘स्पालाम शे’ हा स्वतंत्र अल्बम काढला. पोलिश रॅपच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये त्याची गणना होते. ‘सॉलिडॅरिटी’चे नेते लेक वालेसा यांनी 1990 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणूक प्रचारात प्रत्येक नागरिकाला दहा कोटी झ्वॉटी देण्याची भाषा केली होती. महागाई अशी की ही रक्कम वाटते तेवढी अचाट नव्हती, पण ती मिळाली कोणालाच नाही. काझिकने गाण्यातून थेट राष्ट्राध्यक्ष झालेल्या वालेसांकडेच आपले दहा कोटी मागितले. नोबेल मिळालेल्या राष्ट्रनायकाकडे अशी वसुली काढायला धाडस लागतं. 1995 मध्ये माजी कम्युनिस्टांच्या गोटातले पंतप्रधान ओलेक्सी मॉस्कोला विजयदिनाच्या सोहळ्याला गेले, तर त्यांच्यावरही गाणं झालं. डावे असोत, उजवे असोत की चर्च, त्याने कोणालाच सोडलं नाही.

माझ्या मते मात्र त्याचं सर्वांत मोठं काम राजकीय नाहीच. त्याचे वडील स्तानिस्वाव हे वास्तुविशारद आणि हौशी गीतकार. तरुणपणी ते माउटहाउझेनच्या नाझी छळछावणीतून वाचले होते. 1967 मध्ये ते पॅरिसला गेले आणि 1973 मध्ये तिथेच त्यांनी आयुष्य संपवलं. काझिक तेव्हा दहा वर्षांचाही झाला नव्हता. मित्रमंडळींच्या बैठकींत गायलेली वडिलांची गाणी मागे उरली होती. ती घेऊन कुल्टने 1993 मध्ये ‘ताता काझिका’, म्हणजे ‘काझिकचे बाबा’, हा अल्बम केला. दारुडे, वेश्या, गल्लीतले गुंड असलेली ही गाणी अफाट गाजली. लेकाच्या आवाजामुळे एक विस्मृतीत गेलेला कवी घराघरात पोहोचला.

वयाची साठी जवळ आली तेव्हा त्याच्यावरून मोठं रण पेटलं. 10 एप्रिल 2020 रोजी स्मोलेन्स्क विमान अपघाताला दहा वर्षं झाली. करोनामुळे अनेक स्मशानभूमी सामान्यांसाठी बंद होत्या, पण सत्ताधारी पक्षाचे सर्वेसर्वा यारोस्लाव काचिन्स्की यांच्यासाठी वॉर्साच्या पोवोंझ्की स्मशानभूमीचं फाटक उघडलं. त्या अपघातात त्यांचा जुळा भाऊ, राष्ट्राध्यक्ष लेक काचिन्स्की, गेला होता. दुःख खरंच होतं. पण ज्यांना आपल्या माणसांच्या थडग्यापर्यंत जाता आलं नाही, त्यांचं काय? ‘तुझं दुःख माझ्याहून सरस’ अशा अर्थाचं शीर्षक देऊन काझिकने यावर गाणं लिहिलं. त्यात नाव कोणाचंच नाही.

15 मे रोजी हे गाणं सरकारी रेडिओच्या तिसऱ्या केंद्राच्या, ‘त्रुइका’च्या, यादीत पहिलं आलं. श्रोत्यांच्या मतांची ही यादी 1982 पासून चालू होती, कुल्टच्याच वयाची. मतदानात फेरफार झाल्याचं सांगून केंद्राच्या व्यवस्थापनाने तो निकालच रद्द केला. यादी वर्षानुवर्षं सादर करणारे मारेक न्येज्व्येत्स्की केंद्र सोडून गेले, पाठोपाठ इतरही. अनेक कलावंतांनी आपली गाणी तिथे वाजवू नका असं कळवलं. बाहेर पडलेल्या निवेदकांनी श्रोत्यांच्या वर्गणीवर ‘नोवी श्वियात’ आणि ‘357’ ही दोन नवी इंटरनेट रेडिओ केंद्रं उभी केली. बंदीने गाणं मरतं हा समज कम्युनिस्टांचाही होता, त्यांच्या कट्टर विरोधकांचाही निघाला.

काझिक ऐकायचा असेल तर मात्र या गाण्यापासून सुरुवात करू नका, त्यामागचं राजकारण माहीत नसेल तर ते फिकं वाटेल. आधी ‘ताता काझिका’ लावा, मग ‘अराह्या’. पोलिश येत नसली तरी अडत नाही.