‘अशुद्ध’ रक्त नावाचा गैरसमज

शाळेतील जुन्या तक्त्यांवर हृदयाची एक बाजू तांबडी, दुसरी निळी रंगवलेली असे आणि खाली ‘शुद्ध रक्त’, ‘अशुद्ध रक्त’ अशी नावे लिहिलेली असत. आपल्यापैकी अनेकांनी ती पाठ केली. वस्तुतः आपले रक्त निळे नसते आणि परतीचे रक्त अशुद्धही नसते.

फुप्फुसांत आलेल्या हवेतील ऑक्सिजन रक्तातील तांबड्या पेशींत शिरतो. तेथे हिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन त्याला धरून ठेवते. त्याचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहून नेतो. राबणाऱ्या स्नायूंत कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. त्यामुळे हिमोग्लोबिनची पकड सैल होते आणि जेथे गरज अधिक तेथे ऑक्सिजन अधिक सुटतो. परतताना सुमारे ७० टक्के कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात, उरलेला हिमोग्लोबिनशी जोडून अथवा विरघळून फुप्फुसांपर्यंत येतो व उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. विश्रांतीच्या वेळी तर या ‘अशुद्ध’ रक्तातील हिमोग्लोबिनही सुमारे ७५ टक्के ऑक्सिजनने भरलेलेच असते.

रक्तशुद्धीचा दावा आपल्या समाजाने दुसऱ्या अर्थानेही ऐकला आहे. जातीमुळे रक्त शुद्ध राहते, हा युक्तिवाद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढला.

मात्र रक्ताचा एक खरा दोष आपण ओळखलाच पाहिजे. तो म्हणजे सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एक अमिनो आम्ल बदलते. मग ऑक्सिजन सुटताच पेशी विळ्यासारखी वाकते व सूक्ष्म वाहिन्यांत अडकते. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. पूर्व विदर्भातील अनुसूचित जातींत आणि पालघरसह अनेक जिल्ह्यांतील आदिवासींत हा आजार आढळतो. तो आनुवंशिक आहे. स्पर्शाने होत नाही, कोणाच्या पापाचे फळही नाही. वसतिगृहात हातपाय दुखतात म्हणून वारंवार विव्हळणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्यापूर्वी त्याचे रक्त तपासावे.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः बहुधा निरोगी दिसतो. म्हणून तपासणीवाचून हे कळत नाही. विवाह ठरवताना आपण पत्रिका पाहत नाही, हे योग्यच. सिकलसेल तपासणीचा अहवाल मात्र दोन्हीकडच्यांनी अवश्य पाहावा.