चार चाके आणि एक स्टेपनी

टायर हा काय रविवारच्या पुरवणीचा विषय झाला, असे कुणी म्हणेल. त्याने पावसाळ्यात एकदा आलापल्लीहून भामरागडला जाऊन यावे. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, पण अडलेली बाई किंवा साप चावलेला माणूस हेमलकशाच्या दवाखान्यात पोहोचवायचा, तर अजूनही पुष्कळदा कुणाची तरी जीपच शोधावी लागते.

बँकेत असताना जीपच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. किंमत, विमा, हप्ता, सगळ्यांना रकाना होता, टायरला नव्हता. आणि गाडी दारात उभी राही ती बहुधा टायरपायीच.

माझा पुतण्या चंद्रपुरात राहतो आणि कामासाठी दर आठवड्याला एटापल्लीला जातो. त्याच्या बोलेरोचे टायर गुळगुळीत झाले. ‘काका, अलॉयच्या रिमा आणि रुंद टायर टाकू का?’ गाडीला मुळात २१५/७५ आर १५ चा टायर. २१५ मिलिमीटर ही रुंदी, तिच्या ७५ टक्के भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल आणि १५ इंचांची रिम. त्याच्या मनात २३५ होता. जुन्या सवयीने मी कागद ओढला. चाकाचा व्यास सुमारे ७०३ वरून ७३३ मिलिमीटर होतो, म्हणजे गाडी उचलली जाते जेमतेम दीड सेंटिमीटर! आणि स्पीडोमीटर ६० दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असेल.

एका पंक्चरवाल्याने हे आकडेमोडीशिवाय सांगितले होते : ‘साहेब, रुंद टायर पाहाले बरा जी, चिखलात अरुंदच पाहिजे.’ खरेच आहे. वरचा चिखल पातळ आणि खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापून मुरमाला लागतो. रुंद टायर वरच तरंगतो. जुन्या जीपला ६.००–१६ चा अरुंद नायलॉन टायर असे, तो उगाच नव्हे. रिमेचेही तसेच. पोलादी रिम वाकली तर हातोड्याने सरळ होते. अलॉयला तडा गेला तर खेड्यात उपाय नाही.

जंगलात टायरचा खरा शत्रू काटा नव्हे, तोडलेल्या बांबूचा खुंट. काट्याचे पंक्चर निघते. टायरची भिंत फाटली की तो टायर संपला. म्हणून भिंत जाड पाहावी. चिखलाचे मोठ्या गोट्यांचे टायर मात्र ओल्या डांबरावर नीट थांबत नाहीत. ज्याला डांबरी आणि कच्चा असे दोन्ही रस्ते तुडवायचे, त्याने मधला ‘ऑल टेरेन’ घ्यावा.

भिंतीवरचे चार आकडे दुकानातच वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुना माल चकचकीत पुसून ठेवलेला असतो! नक्षीच्या खाचांतले उंचवटे १.६ मिलिमीटरवर असतात. रबर तिथवर झिजले की टायर बदलायचा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कमी हवेचा टायर दबत-फुगत तापतो आणि फुटतो तो नेमका भर वेगात.

पुतण्याने मूळ मापाचेच ऑल टेरेन घेतले, रिमा पोलादीच. चार नव्हे, पाच. स्टेपनीला जुना गुळगुळीत टायर ठेवण्याची आपल्याकडे रीतच आहे, आणि पर्लकोटेला पाणी चढत असताना गाडीखाली लावायचा असतो तो नेमका तोच.